कोल्हापूर ते देहू, फक्त ऐकायला

कोल्डप्लेच्या तिकिटासाठी तुम्ही काय काय केलंत? खरं सांगा! २२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारचे बारा. आमच्या ग्रुपमधल्या एकाने तीन लॅपटॉप, दोन मोबाइल आणि अख्खं घर कामाला लावलं होतं. आई एका स्क्रीनसमोर, धाकटा भाऊ दुसऱ्या. रांगेतला नंबर आला तो सहा आकडी. पठ्ठ्या तरी जागचा हलला नाही. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर तो पोचलाच, आणि परत आल्यावर आठवडाभर ऑफिसात खुणांनी बोलत होता. घसा पार बसलेला. बॉसला वाटलं, व्हायरल आहे.

आपल्याला वाटतं हे वेड आपल्या पिढीचं. फार तर सवाई गंधर्व महोत्सवात थर्मास घेऊन रात्रभर मांडी घालून बसलेल्या आजोबांचं. पण माझ्या यादीत एक नंबरला जी फॅन आहे ना, ती साडेतीनशे वर्षांहून जुनी आहे. वय अकरा-बारा. राहायला कोल्हापुरात. आणि तिचा हिरो देहूचा, म्हणजे तळवड्याच्या आयटी पार्कमधून निघालात तर रिक्षाने जाता येईल इतक्या जवळचा.

तिचं नाव बहिणाबाई. थांबा, आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या, जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) त्या वेगळ्या. ही सतराव्या शतकातली, शिऊरची. संत बहिणाबाई. संत म्हटल्यावर 'त्या' म्हणायला हवं, पण मी सांगतेय ती गोष्ट घडली तेव्हा ती आपल्या भाचीच्या वयाची होती. एवढ्याशा मुलीला अहो-जाहो करणं मला काही जमत नाही.

तर हिचा जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. वयाच्या तिसऱ्या वर्षी लग्न. नवरा तीस वर्षांचा, बिजवर, वेद शिकलेला. नऊ वर्षांची असताना घरच्या भांडणातून सगळ्यांना गाव सोडावं लागलं. आई, वडील, नवरा आणि ही. मागून खात, यात्रेकरूंच्या सोबतीने, पंढरपूर वगैरे करत करत ही मंडळी कोल्हापूरला टेकली, तेव्हा तिला अकरावं लागलेलं. हे सगळं आपल्याला कसं माहीत? तर तिनेच लिहून ठेवलंय, अभंगांतून. मराठी बाईने स्वतःबद्दल सांगितलेल्या अगदी सुरुवातीच्या कहाण्यांपैकी ही एक. आणि वाचताना राहून राहून वाटतं, अरे, ही तर आपल्यातलीच एखादी सांगतेय.

कोल्हापुरात जयरामस्वामींची कीर्तनं चालायची. त्या कीर्तनांत देहूच्या तुकोबांची पदं म्हटली जायची. आता हे जरा हळू वाचा. तुकोबा हयात आहेत. देहूत आहेत. छापखाना नाही, रेडिओ नाही, यूट्यूबचं तर सोडूनच द्या. आणि त्यांची रचना अडीचशे किलोमीटरवर कोल्हापुरात गायली जातेय. आपल्या भाषेत सांगायचं तर कव्हर व्हर्जन! एकाने ऐकलं, पाठ केलं, पुढच्या गावी म्हटलं. तुकोबांचे अभंग इंद्रायणीत बुडवले आणि तेरा दिवसांनी ते वर आले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्या कथेत मला पडायचं नाही. पण कोल्हापूरच्या ओसरीवर बसलेल्या एका मुलीला ते ऐकायला मिळत होते, एवढं पुरे आहे. जे इतक्या जणांच्या तोंडी गेलंय ते कुठल्या नदीत बुडवणार?

तर ती ऐकते. आणि लागतं तिला ते. तुम्हाला आठवतंय का एखादं गाणं पहिल्यांदा असं लागलेलं? इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, कुणाच्या तरी अर्ध्या तुटक्या इअरफोनमधून?

याच काळात नवऱ्याला एक गाय दान मिळाली होती आणि तिला वासरू झालं होतं. वासराला हिचा लळा. ही जाईल तिकडे ते मागे. कीर्तनालासुद्धा! एकदा गर्दी फार झाली म्हणून लोकांनी वासराला बाहेर काढलं, तर बाहेर ते हंबरतंय आणि आत ही रडतेय. जयरामस्वामींनी वासराला आत आणायला लावलं, दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला. गावात चर्चा झाली. ती नवऱ्याच्या कानावर गेली. त्याने केस धरून तिला मारलं आणि घरात बांधून ठेवलं.

हे तिनेच सांगितलंय, आणि फार चढवून सांगितलेलं नाही.

गाय-वासराने चारा-पाणी सोडलं. वासरू गेलं. त्याला पुरताना ही बेशुद्ध पडली, ती काही दिवस तशीच. त्या अवस्थेत तिला स्वप्न पडलं. तुकोबा आले, डोक्यावर हात ठेवला, मंत्र दिला. तारीख तिने लिहून ठेवलीय. शके १५६२, कार्तिक वद्य पंचमी. आणि वारसुद्धा... रविवार! म्हणजे १६४० साल. मला यातला 'रविवार' फार आवडतो. पहिल्या कॉन्सर्टचा वार विसरणारा फॅन मी अजून पाहिलेला नाही. गंमत अशी की तुकोबांनाही त्यांच्या गुरूंचा, बाबाजी चैतन्यांचा, उपदेश स्वप्नातच झाला होता, आणि त्यांनीही तिथी आणि वार दोन्ही सांगून ठेवलेत. माघ शुद्ध दशमी, गुरुवार.

स्वप्नावर विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही बघा. माझा मुद्दा साधा आहे. एका मुलीने ज्याला कधी पाहिलंच नव्हतं, ज्याचा आवाज कधी ऐकलेलाच नव्हता, त्याला आपला मानलं. फक्त त्याच्या शब्दांवर.

आणि इथून तिच्या घरात खरी लढाई सुरू झाली. नवऱ्याचं म्हणणं होतं, आपण वेद जाणणारे ब्राह्मण, तो तुका शूद्र, त्याला गुरू कसा मानतेस? वर लोक हिच्या पाया पडायला येऊ लागले, नवऱ्याकडे कोणी बघेना. हे त्याला जास्त झोंबलं असावं, असा माझा संशय. तो घर सोडून जायला निघाला. नेमका तेव्हाच तो आजारी पडला, महिनाभर अंथरुणावर. हिने त्याची सेवा केली. त्यातून उठल्यावर त्याचं मन फिरलं, आणि सगळं बिऱ्हाड देहूला निघालं.

कोल्हापूर ते देहू. आज रात्री व्हॉल्वोत बसलात तर पहाटे वाकडच्या पुलाखाली उतरता. ते लोक चालत गेले, म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन.

देहूला पोचल्यावर इंद्रायणीत स्नान केलं, देवळात गेले. समोर तुकोबा आरती करत होते. ती म्हणते, स्वप्नात पाहिलं होतं तेच हे रूप. बस. याहून मोठं वर्णन ती करत बसत नाही. आपण लोक पार्किंगपासून स्टोरी टाकायला सुरुवात करतो!

आता तुम्ही म्हणाल, तुकोबा काय गायक होते का? कॉन्सर्टशी तुलना कशाला? आणि संतांना रॉकस्टार वगैरे म्हटलं की काही जणांच्या कपाळावर आठ्या येतात. मलाही तो शब्द इथे बरा वाटत नाही. पण तुकोबांचे अभंग आपण पुस्तकात वाचतो म्हणून विसरतो, की ते मुळात उभं राहून, लोकांसमोर, टाळांच्या साथीने म्हणायचे होते. कीर्तन हा परफॉर्मन्स आहे, आणि फार अवघड परफॉर्मन्स आहे. वारकरी कीर्तन बघितलंय का कधी नीट? पुढे कीर्तनकार. मागे अर्धगोलात टाळकरी, बाजूला पखवाज, एकाच्या गळ्यात वीणा. एक अभंग निवडायचा आणि तासाभरात तो उलगडायचा. बोलता बोलता गायचं, गाता गाता थांबून कोपरखळी मारायची, पुन्हा सूर पकडायचा, आणि सूर पकडला की मागचे वीस टाळ एकदम उठतात. पेटी आज असते, ती तुकोबांच्या वेळी नव्हती, ती फार नंतर आली. पण टाळ होते. आणि समोर बसलेले लोक नुसते प्रेक्षक नसतात, टाळ्या वाजवतात, ध्रुवपद उचलतात. कोल्डप्लेच्या त्या लुकलुकणाऱ्या मनगटपट्ट्यांनी स्टेडियमला जे करायला लावलं, ते इथे नुसत्या तळहातांवर होतं.

तुकोबांचे टाळकरी होते त्यातले संताजी जगनाडे आपल्या चाकणचे. जातीने तेली. सांगतात ते असं, की तुकोबांचं कीर्तन ऐकलं आणि हे त्यांच्या मागेच उभे राहिले, कायमचे. फॅनचा थेट बँड मेंबर झाला! पुढे अभंग लिहून ठेवण्याचं कामही त्यांनी केलं. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. आज त्या बाजूने जाताना आपल्याला दिसतात ते कंटेनर, कंपनीच्या बसेस आणि तळेगाव-चाकण रोडचं ट्रॅफिक. त्याच रोडवरून तुकोबा एकांताला जायचे तो भंडारा डोंगरही दिसतो, मान वर केली तर. सिग्नलला कोण मान वर करतंय म्हणा.

पण संताजी पुरुष होते. मागे उभे राहिले, राहता आलं. बहिणाबाईचं देहूत काय झालं?

राहायला जागा मिळेना. मंबाजी गोसाव्यांच्या मठात विचारलं, तर मंबाजींना ही मंडळी आपले शिष्य म्हणून हवी होती. हिने सांगितलं, माझे गुरू ठरलेत. झालं, बिनसलं. कसंबसं देवळाच्या आनंदओवरीत बिऱ्हाड लागलं. कीर्तन तिथेच. ज्याच्यासाठी एवढं केलं ते रोज ऐकायला मिळत होतं. पण मंबाजींनी पुण्याच्या आपाजी गोसाव्यांना तक्रारीचं पत्र धाडलं: एक ब्राह्मण कुटुंब शूद्राच्या पायाशी बसतंय, याला शिक्षा करा. वाळीत टाकायच्या धमक्या आल्या. मंबाजींनी यांच्या गाईला मारलं आणि वळ तुकोबांच्या पाठीवर उठले, अशीही एक आख्यायिका आहे. गाईची गोष्ट कशीही घ्या. एका मुलीने कुणाचं ऐकायचं यावरून पुण्याला पत्रं गेली, हे आधी लक्षात घ्या.

तिला देहूतच मुलगी झाली, काशीबाई. आणि त्याच काळात जीव द्यावा असं तिच्या मनात आलं होतं, हेही तिने लपवलेलं नाही. म्हणजे हिरोच्या गावात राहतेय, रोज समोर त्याला ऐकतेय, तरी आतून हे. आपल्याला वाटतं, एकदा तो लाइव्ह दिसला की झालं, आयुष्य सेट. तिने वाचकाला असं काही प्रॉमिस केलेलं नाही.

हे सगळं डोक्यात घेऊन मी मध्यंतरी एका एकादशीला संध्याकाळी देहूला गेले. गर्दी होती. शिळा मंदिराकडे रांग, प्रसादाच्या दुकानांवर पेढे, इंद्रायणीचं पाणी आता पायरीवरून बघायचं इतकंच. कीर्तन सुरू झालेलं. बायकांच्या बाजूला जेमतेम जागा मिळाली. शेजारी एक मुलगी, चोविसेक वर्षांची. अंगात कंपनीचा ग्रे शर्ट, गळ्यात आय-कार्ड, मांडीवर डबा. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लाइनवर आहे म्हणाली.

"ताई, जरा सरकता का? मोबाइल सरळ धरायचाय."

रेकॉर्ड करत होती. मी विचारलं, कशाला?

"बसमध्ये ऐकते. पाऊण तास जातो ना जायला."

कीर्तनकार महाराजांचं नाव तिने असं सांगितलं, जसं आपण अरिजितचं सांगतो. ते कुठे, कधी, सगळं तिला पाठ. त्यांच्यासाठी शिफ्ट बदलून घेतली होती. मी विचारलं, घरी काय सांगितलंस? तर हसली.

"ओव्हरटाइम."

"अगं, कीर्तनाला जाते म्हटलं तर कोण नाही म्हणेल?"

"कोणी नाही म्हणणार नाही हो. पण मग सासूबाई पण येतील, नणंद पण येईल, पोरं घेऊन. मग मी त्यांच्या चपला सांभाळायच्या की कीर्तन ऐकायचं? मला एकटीला ऐकायचंय." मग जरा थांबून, "ते एक चाल वर नेतात ना, तेव्हा पोटात कसंतरी होतं. ते कोणी बरोबर असलं की होत नाही."

थोड्या वेळाने महाराजांनी खरंच ती चाल वर नेली. पखवाजवाल्याने मान खाली घातली, टाळ चढत गेले. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघायला नको असं वाटलं. मोबाइल मात्र तिने तेवढ्यात खाली ठेवला होता.

आमच्या जुन्या पीजीचं गेट रात्री दहाला बंद व्हायचं. एका गझलच्या कार्यक्रमातून मध्यंतरातच उठून रिक्षा पकडली होती मी, उत्तरार्धात काय गायलं ते दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. तेव्हा फार राग आला होता. आता देहूच्या त्या फरशीवर बसल्यावर वाटलं, ऐकायला जाणं ही मुलींच्या बाबतीत कधीच नुसती ऐकायला जाण्याची गोष्ट नसते. किती वाजता येणार, कोणाबरोबर, कशाला, आणि तिथे असं काय आहे? मुलगा उशिरा आला तर 'कार्यक्रम रंगला असेल.' नवऱ्याने बांधून ठेवलं ते १६४० च्या आसपास, आणि 'ओव्हरटाइम' ही मागच्या एकादशीची गोष्ट. यातला फरक मोठा आहे, मान्य. तरी दोघींना एकच गोष्ट हवी होती.

बहिणाबाईवर माझं प्रेम आहे, पण ती मला खटकतेही. हाच नवरा, आणि पुढे हीच बाई पतिव्रतेच्या धर्मावर अभंग लिहिते, नवराच देव वगैरे. वाचताना मी दोनदा पुस्तक मिटलं. मग वाटलं, ती तरी काय करणार? संसार सोडून मीराबाईसारखं निघून जाणं तिने केलं नाही. तिला संसारही हवा होता आणि तुकोबाही. दोन्हींत राहायचं तर भाषा सांभाळावी लागते. आपल्यापैकी किती जणी घरी एक भाषा बोलतात आणि ऑफिसच्या कँटीनमध्ये दुसरी?

आणि त्याच बाईने 'वज्रसूची' मराठीत आणली. ब्राह्मण कुणाला म्हणावं? जन्मामुळे, देहामुळे, की ज्ञानामुळे? हे प्रश्न एकेक करून सोलणारा संस्कृत ग्रंथ. ज्या प्रश्नावरून तिला वाळीत टाकणार होते, तोच! तिने मंबाजींना उत्तर म्हणून तो निवडला असं मी म्हणणार नाही. पण योगायोग म्हणायलाही जीभ वळत नाही.

वारकरी परंपरेची इमारत कशी उभी राहिली, पायात ज्ञानेश्वर आणि वर कळस तुकोबा, ही कल्पना आपल्या इतकी अंगवळणी पडलीय की ती कुणाची हे कुणी विचारतच नाही. तो अभंग बहिणाबाईचा. म्हणजे तुकोबांना तो मान देऊन ठेवणारी ही फॅनच. १९२९ मध्ये जस्टिन अॅबट नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याने तिच्या अभंगांचं इंग्रजी पुस्तक काढलं. परदेशातले अभ्यासक ते वाचतात. आपल्याला मात्र 'कोणती बहिणाबाई?' पासून सुरुवात करावी लागते.

कुटुंब नंतर शिऊरला गेलं. १६५० च्या मार्चमध्ये, फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकोबा गेले. ती पुन्हा देहूला आली आणि अठरा दिवस उपाशी बसली. आता कीर्तन नव्हतं, आरती करणारं ते रूप नव्हतं, तरी आली. पुढे रामदासांच्या सहवासात राहिली, मग परत शिऊर. १७०० साली, सत्तरी ओलांडल्यावर, ती गेली. जाताना मुलाला जवळ बसवून आपल्या मागच्या बारा जन्मांची हकीकत सांगितली म्हणे. मुलाचं नाव विठोबा.

देहूला जायचं असेल तर बीजेच्या दिवशी गर्दी प्रचंड असते. दुपारी बाराला नांदुरकीचं झाड हलतं म्हणतात, ते बघायला सगळे माना वर करून उभे असतात. शांतपणे ऐकायचं असेल तर साधी एकादशी बरी. देहूरोड स्टेशनपासून रिक्षा मिळते. गाथा मंदिर बघाच, भिंतींवर अख्खी गाथा कोरलीय. चपला मात्र कुणाला तरी सांभाळायला सांगा, आणि ती 'कुणीतरी' दर वेळी घरातली सूनच असावी असं काही नाही.

मी पुढच्या महिन्यात शिऊरला जातेय. वैजापूर तालुका, छत्रपती संभाजीनगर जिल्हा, तिथे तिची समाधी आहे. शनिवारी पहाटे निघायचं, रविवारी रात्री परत. गाडीत दोन जागा आहेत. घरी काय सांगायचं ते ज्याचं त्याने ठरवा.